शेळीपालन नव्याने सुरू करताय? कुत्रा, कलेजी आणि पट्टकृमीचं चक्र आधी समजून घ्या

सिन्नर, येवला, नांदगाव, निफाड, कुठेही गेलात तरी चार-दोन शेळ्यांवर सुरुवात केलेला एखादा तरुण भेटतोच. त्याला जात कुठली घ्यावी, गोठा किती फुटांचा बांधावा, पीपीआर आणि आंत्रविषाराची लस कधी टोचावी हे सांगणारे पुष्कळ असतात. वाड्यावरच्या कुत्र्याला कच्ची कलेजी टाकू नकोस, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. आमच्या आईच्या यकृतात हायडॅटिडची गाठ, म्हणजे कुत्र्याच्या पट्टकृमीमुळे (फितीसारख्या चपट्या जंतामुळे) होणारी पाण्याची गाठ निघाली, तेव्हा डॉक्टरांनी दुसराच प्रश्न विचारला तो घरी कुत्रं आहे का, हा. तिच्या उपचारात आणि नंतर वाड्यावर बंदोबस्त करताना जे कळलं ते इथे क्रमाने लिहितो आहे. औषधांची नावं आणि मात्रा माहितीसाठी आहेत. माणसाचं औषध डॉक्टरांच्या आणि जनावराचं पशुवैद्यकाच्या सांगण्यावरूनच घ्यायचं.

१. आधी चक्र समजून घ्या

हायडॅटिड ज्याच्यामुळे होतो तो पट्टकृमी जेमतेम काही मिलिमीटर लांबीचा असतो. तो राहतो कुत्र्याच्या लहान आतड्यात. एका कुत्र्यात हजारो असू शकतात, आणि कुत्रं तरी धडधाकट दिसतं, खातंपितं, राखण करतं. त्याच्या विष्ठेतून कृमीची अंडी बाहेर पडतात आणि गवतावर, पाण्यात, मातीत, त्याच्या स्वतःच्या केसांवर बसतात.

शेळी-मेंढी चरताना ती अंडी गिळते. पोटात अंड्यातून अळी निघते, आतड्याच्या भिंतीतून रक्तात शिरते आणि यकृतात किंवा फुप्फुसात जाऊन बसते. तिथे तिच्याभोवती पाण्याने भरलेली गाठ हळूहळू वाढते. अशी शेळी कापली आणि गाठीसकट कच्ची कलेजी कुत्र्याला मिळाली, की गाठीतल्या अळ्या कुत्र्याच्या आतड्यात चिकटून मोठ्या होतात. साधारण सहा-सात आठवड्यांत त्या अंडी घालू लागतात आणि चक्र पूर्ण होतं.

माणूस या चक्रात शेळीच्या जागी येतो. कुत्र्याकडून आलेली अंडी आपल्या तोंडात गेली, की गाठ आपल्या यकृतात वाढते. यावरून तीन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा:

- मटण खाल्ल्याने हायडॅटिड होत नाही, गाठ असलेल्या बोकडाचं खाल्लं तरीही नाही. पूर्ण शाकाहारी माणसालाही तो होऊ शकतो.
- शेळीच्या दुधातून तो येत नाही.
- एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. आईची भांडी वेगळी ठेवा, नातवंडांना तिच्याजवळ झोपवू नका, असं सांगणारे आम्हाला भेटले. त्या सल्ल्याला काहीही आधार नाही, आणि आजारी माणसाच्या मनाला तो फार लागतो.

२. लेंड्यांत पांढरं दिसलं म्हणून घाबरू नका

नवा शेळीपालक सगळ्यात आधी इथे गोंधळतो. करडांच्या लेंड्यांवर तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे तुकडे दिसतात, कधी लांब फीतच लोंबकळते. तो बहुतेक वेळा मोनिझिया नावाचा शेळ्या-मेंढ्यांचा पट्टकृमी असतो. कुरणातल्या अगदी बारीक कोळीवर्गीय किड्यांमार्फत तो करडाच्या पोटात जातो. माणसाला तो होत नाही. करडं खंगतात, पोट सुटतं, वाढ मंदावते, म्हणून पशुवैद्यकाला विचारून औषध जरूर पाजा. पण घरातल्या माणसांची काळजी करत बसू नका.

हायडॅटिडचं नेमकं उलट आहे. ज्या शेळीत गाठ आहे तिच्या लेंड्यांत काहीच दिसत नाही, कारण तिच्या आतड्यात कृमी नसतोच. जिवंतपणी ती ओळखू येणं जवळजवळ अशक्य. कुत्र्याच्या विष्ठेतही डोळ्यांनी काही सापडत नाही. कुत्र्याच्या शेपटीखाली चिकटलेले दाणे दिसतात ते बहुधा पिसवांमुळे होणाऱ्या वेगळ्या पट्टकृमीचे असतात. म्हणून ‘आमच्या कुत्र्याला जंत नाहीत, आम्ही बघतो ना’ या बोलण्यावर विसंबू नका.

शेळी एकाच अंगाला गोल गोल फिरत असेल, मान वाकडी धरत असेल, तर मेंदूत कुत्र्याच्याच आणखी एका पट्टकृमीची गाठ असण्याची शक्यता असते. तसं दिसलं तर त्याच दिवशी पशुवैद्यकाला दाखवा. अशा शेळीचं मुंडकं कुत्र्यापुढे मुळीच टाकू नका.

एक सावधगिरी. जंताच्या औषधांत अल्बेंडॅझोल फार वापरलं जातं. गाभण शेळीला सुरुवातीच्या दिवसांत ते देऊ नये, गर्भाला धोका असतो. दुकानातून बाटली आणून सगळ्या कळपाला सरसकट पाजण्याआधी कोणती शेळी किती दिवसांची गाभण आहे हे सांगून सल्ला घ्या. आणि शेळीला जंताचं औषध पाजलं म्हणून तिच्या यकृतातली गाठ गेली असं धरू नका. चक्र तुटतं ते कुत्र्याच्या टोकाला.

३. कापणीच्या दिवशीचा बंदोबस्त

माझ्या मते या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. आखाडात, जत्रेत, नवसाला, पाहुण्यांसाठी बोकड शेतात किंवा वाड्यावर कापला जातो. खाटीक सराईतपणे पोट फाडतो, खराब दिसलेला कलेजीचा तुकडा कापून बाजूला भिरकावतो, आणि कुत्री तिथे आधीपासूनच बसलेली असतात. मांस नासू नये म्हणून काढलेला तोच तुकडा सगळ्यात धोक्याचा असतो.

गाठ कशी दिसते ते नीट पाहून ठेवा. कलेजीवर किंवा फुप्फुसावर पांढरट, टणक फुगा दिसतो, कधी वाटाण्याएवढा, कधी लिंबाहून मोठा. दाबला तर आत पाणी आहे हे जाणवतं. कापला तर दाबाने स्वच्छ, पाण्यासारखा द्रव उडतो आणि आतून उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा मऊ, लिबलिबीत पापुद्रा सुटून येतो. द्रवाच्या तळाशी बारीक वाळूसारखे कण बसलेले असतात. ते कण म्हणजेच अळ्यांची डोकी, आणि त्यातलं प्रत्येक कुत्र्याच्या पोटात एक कृमी होऊ शकतं. खात्री करायला गाठ फोडून बघायची गरज नाही, ती तशीच ठेवून विल्हेवाट लावा.

त्या दिवशी हाताशी ठेवायचं सामान:

- झाकण घट्ट बसणारा डबा किंवा बादली
- रबरी हातमोजे
- फावडं, टिकाव आणि चुना
- कुत्र्यांसाठी साखळी

करायचं असं. कापणीआधी कुत्री लांब बांधा. गाठ असो वा नसो, टाकाऊ कलेजी, फुप्फुस आणि आतली घाण सरळ झाकणाच्या डब्यात जाऊ द्या. मग कुत्र्याला उकरता येणार नाही इतका, निदान तीन-चार फूट, खड्डा घेऊन वर चुना टाका, माती दाबा आणि दगड ठेवा. जाळता आलं तर तेही चांगलं. कुत्र्याला काही द्यायचंच असेल तर तुकडे करून किमान अर्धा तास खळखळून उकळा. नुसती वाफ दाखवून भागत नाही.

खाटकाला हे आधीच, सुरी हातात घेण्यापूर्वी सांगा. काम चालू झालं की कुणी ऐकत नाही. आमच्याकडे तर डबाच त्याच्या पायाशी ठेवून देतात, मग वेगळं सांगावं लागत नाही.

मेलेल्या शेळी-करडालाही हाच नियम. ओढ्यात किंवा माळावर टाकून दिलेलं जनावर म्हणजे साऱ्या गावच्या कुत्र्यांना आमंत्रण.

४. कुत्र्याला जंताचं औषध

इथे एक सापळा आहे. औषधाच्या दुकानात ‘कुत्र्याचं जंताचं द्या’ म्हटलं की हाताला येईल ते मिळतं. आयव्हरमेक्टिन किंवा नुसतं पायरँटेल या कृमीवर चालत नाही. गोळीवर प्राझिक्वांटेल हे नाव असलंच पाहिजे. त्याची नेहमीची मात्रा किलोला ५ मिलिग्रॅम. बऱ्याच संयुक्त गोळ्या १० किलो वजनाला एक अशा येतात, तरी वेष्टण वाचा आणि पशुवैद्यकाकडून खात्री करून घ्या.

वजनाचा अंदाज बांधू नका. आधी कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा, आणि वजाबाकी करा. मोठं कुत्रं उचलवत नसेल तर कांदा मोजायचा वजनकाटा कामी येतो.

गोळी भाकरीच्या तुकड्यात, वर थोडं तूप लावून द्या. कुत्रं भाकरी खाऊन गोळी तेवढी गालातून बाहेर टाकतं, त्यामुळे जमिनीवर नजर ठेवून निदान पाच मिनिटं तिथेच थांबा.

किती वेळा? वर्षातून चार वेळा तरी द्यायचीच. ज्या वाड्यावर कापणी होते किंवा कळपाबरोबर कुत्री फिरतात, तिथे दर सहा आठवड्यांनी दिलेली बरी, म्हणजे नवीन कृमी अंडी घालायच्या आधीच मरतो. या गोळीने कृमी मरतात, अंडी मरत नाहीत. म्हणून औषध दिल्यानंतर दोन दिवस कुत्रं एका जागी बांधा, सगळी विष्ठा हातमोजे घालून गोळा करा आणि जाळा किंवा खोल पुरा. फिनाइल टाकून निर्धास्त होऊ नका, या अंड्यांवर नेहमीची जंतुनाशकं चालत नाहीत. त्यांना मारतं ते उकळतं पाणी आणि आग. कडक उन्हात वाळूनही ती मरतात, पण निफाडकडच्या थंडीत, ओल्या सावलीत महिनोन्‌महिने तग धरू शकतात.

कांदा निघाल्यावर खतासाठी शेतात मेंढ्या बसवायची आपल्याकडे जुनी रीत आहे. ती बंद करा असं मी म्हणणार नाही, जमिनीला तिच्यासारखं खत नाही. फक्त मेंढपाळ दादांच्या कुत्र्यांसाठीही गोळ्या आणून ठेवा. मेंढपाळाचा मुक्काम कुत्र्यांसोबतच असतो, म्हणजे या आजाराचा सगळ्यात जास्त धोका त्याला आणि त्याच्या लेकरांना. आपुलकीने सांगितलं की कुणी नाही म्हणत नाही.

भटक्या कुत्र्यांना मारणं हा उपाय नाही, तो गुन्हाही आहे. त्यांच्यापर्यंत कच्ची कलेजी पोहोचू न देणं आपल्या हातात आहे.

पशुवैद्यकीय दवाखाना लांब असेल तर १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करा.

५. घरातल्या सवयी

कुत्र्याला हात लावल्यावर, शेळ्यांचं काम झाल्यावर आणि मातीतून आल्यावर साबणाने हात धुवायचे, लहान मुलांनी तर नक्कीच. कुत्र्याला तोंड चाटू द्यायचं नाही. भाजीच्या वाफ्यात कुत्र्याला फिरकू द्यायचं नाही, साधं काटेरी कुंपण पुरतं. कोथिंबीर, कांद्याची पात, मुळा, गाजर असं कच्चं खायचं ते वाहत्या पाण्याखाली पान न् पान चोळून धुवायचं. विहीर उघडी असेल आणि कडेला कुत्री पाणी पीत असतील तर प्यायचं पाणी उकळा.

६. माणसात शंका कधी घ्यायची आणि तपासणी कोणती

गाठ वर्षानुवर्षं गप्प बसते. लहानपणी पोटात गेलेलं अंडं चाळिशीत कळतं, असंही होतं. यकृतात असेल तर उजव्या बरगडीखाली जडपणा, दुखणं, भूक मंदावणं, कधी कावीळ. फुप्फुसात असेल तर न जाणारा खोकला, छातीत दुखणं, कधी खोकल्यातून खारट पाणी. कित्येकांना दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत ती अचानक दिसते, आईचंही तसंच झालं.

- पहिली तपासणी पोटाची सोनोग्राफी. छातीसाठी एक्स-रे. पुढे गरजेप्रमाणे सीटी स्कॅन किंवा एमआरआय.
- रक्ताची प्रतिपिंड तपासणी आधाराला असते. ती निगेटिव्ह आली म्हणून हायडॅटिड नाहीच असं होत नाही.
- शौचाच्या तपासणीचा इथे उपयोग नाही. माणसाच्या आतड्यात हा कृमी नसतोच.

डॉक्टरांसमोर बसताच एक वाक्य न विसरता सांगा: ‘आमच्याकडे शेळ्या आणि कुत्री आहेत.’ या एका वाक्याने तपासणीची दिशा बदलते. यकृतात साधी, निरुपद्रवी पाण्याची गाठही पुष्कळांना असते, त्यामुळे अहवालात ‘सिस्ट’ शब्द दिसला की हादरून जाऊ नका. ती हायडॅटिड आहे का आणि असेल तर कोणत्या अवस्थेतली, एवढं स्पष्ट विचारा. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत सीई-१ ते सीई-५ अशा अवस्था आहेत आणि सगळा उपचार त्यावर ठरतो.

मोठा सापळा: हायडॅटिडची शंका असताना ‘सुई घालून पाणी काढून बघू’ याला सहज होकार देऊ नका. गाठ फुटली किंवा द्रव पोटात सांडला तर जिवावर बेतेल अशी तीव्र ॲलर्जी येऊ शकते, आणि अळ्या पसरून नव्या गाठी होऊ शकतात. सुईचा उपचार आहे, पण तो अनुभवी हातांनी, औषधाच्या संरक्षणात आणि पूर्ण तयारीनिशी करायचा असतो. गाठ माहीत असलेल्या माणसाच्या पोटाला मार लागला आणि अंगावर पित्त उठलं, दम लागला, चक्कर आली, तर वाट न पाहता दवाखाना गाठा.

७. कागदपत्रं आणि रुग्णालय

नाशिकमध्ये जिल्हा रुग्णालय आहे, आडगावला डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, खासगी रुग्णालयंही आहेत. जाण्याआधी एक पिशवी तयार करा:

- रुग्णाचं आधार कार्ड आणि रेशन कार्ड, दोन्हींच्या मूळ प्रती व झेरॉक्स
- सगळ्या सोनोग्राफी-स्कॅनच्या फिल्म किंवा सीडी, नुसता टाइप केलेला अहवाल पुरत नाही
- रक्ताचे जुने अहवाल, तारखेप्रमाणे लावलेले
- चालू औषधांची चिठ्ठी
- एक वही

रेशन कार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव यांचं स्पेलिंग आधी ताडून पाहा. लग्नाआधीचं नाव, वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव अशा फरकांवर बायकांची कामं अडतात आणि भरतीच्या दिवशी धावपळ होते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचा टेबल असतो. भरती होण्याआधी त्याला निदान सांगून विचारा: हा उपचार योजनेत बसतो का, याच रुग्णालयात बसतो का, आणि तपासण्यांचा व नंतरच्या गोळ्यांचा खर्च कुणाचा. उत्तरं वहीत लिहून ठेवा. एकदा बिल झाल्यावर योजना लावून घेणं फार अवघड जातं.

८. उपचार

प्रत्येक गाठीला ऑपरेशन लागत नाही. घट्ट झालेल्या, चुना धरलेल्या, त्रास न देणाऱ्या सीई-४ आणि सीई-५ अवस्थेतल्या गाठींवर पुष्कळदा फक्त नजर ठेवतात. लहान, पाण्याच्या गाठीला अल्बेंडॅझोलच्या गोळ्या काही महिने चालतात. योग्य त्या गाठींत सुईने द्रव काढून, आत औषध सोडून, पुन्हा काढून घेतात. गाठ मोठी, आत लहान-लहान गाठी भरलेली किंवा फुटायच्या बेतातली असेल तर ऑपरेशन.

मोठ्या माणसाला अल्बेंडॅझोल साधारणपणे ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असतं आणि ते स्निग्ध जेवणाबरोबर घ्यायचं, तरच अंगात नीट शोषलं जातं. आई गोळी भाकरी, तूप आणि तेल घातलेल्या शेंगदाण्याच्या चटणीबरोबर घ्यायची. उपवासाच्या दिवशी गोळीचं काय, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा, कारण आपल्या आया उपवास सोडत नाहीत. गोळ्या चालू असताना ठरलेल्या वेळी रक्तातल्या पेशी आणि यकृताची तपासणी करावीच लागते. या काळात गर्भधारणा टाळायची.

शाळेत जंतनाशक दिनाला मिळणारी गोळी हेच औषध, पण ती एकच मात्रा असते आणि वेगळ्या जंतांसाठी असते. तिने गाठ जात नाही. जनावरांच्या बाटलीतलं औषध तर चुकूनही माणसाने घेऊ नये.

९. डुकराचा पट्टकृमी वेगळा

गावाकडे दोन्हींची गल्लत होते म्हणून थोडक्यात. डुकराच्या पट्टकृमीत मोठा कृमी माणसाच्या आतड्यात राहतो, अर्धवट शिजलेल्या डुकराच्या मांसातून तो येतो. त्या माणसाच्या विष्ठेतली अंडी हातांवरून, पाण्यातून किंवा न धुतलेल्या भाजीतून कुणाच्याही पोटात गेली, की मेंदूत गाठी होऊन झटके येऊ शकतात. इथेही शाकाहारी माणूस सुटत नाही. उघड्यावर शौच बंद, डुकरं बांधून, मांस पूर्ण शिजवून, भाज्या धुऊन, हा त्याचा बंदोबस्त. इथे मात्र शौचाच्या तपासणीचा उपयोग आहे, पट्टकृमी असलेला माणूस तिच्यातून सापडू शकतो. मोठ्या वयात पहिल्यांदाच झटका आला तर कांदा-चप्पल हुंगवत बसू नका, मेंदूच्या डॉक्टरांकडे न्या. झटके येणाऱ्याने जंताची गोळी मनाने घेऊ नये. मेंदूतली गाठ मरताना सूज येते, ती आवरायला वेगळी औषधं सोबत लागतात.

१०. उपचारानंतर

गाठ काढली किंवा सुकली तरी ती पुन्हा उद्भवू शकते. पुढची काही वर्षं डॉक्टर सांगतील त्या अंतराने सोनोग्राफी करत राहा, शक्यतो एकाच ठिकाणी, म्हणजे आकारांची तुलना नीट होते. प्रत्येक वेळी गाठीचं माप आणि अवस्था वहीत उतरवून घ्या. एकाला गाठ निघाली की त्याच वाड्यावर वाढलेल्या बाकीच्यांचीही एकदा पोटाची सोनोग्राफी करून घ्या, मुलांसकट. आणि त्याच आठवड्यात वाड्यावरच्या सगळ्या कुत्र्यांना प्राझिक्वांटेल देऊन, पुढची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवा.